शेवाळ गेलं, की कवच खुजं



सोलापूरला समुद्र नाही, पण आपला पाऊस समुद्रावरूनच येतो. त्या पावसाच्या खुणा जपणारा एक जीव समुद्रात राहतो. त्याचं नाव फोरामिनिफेरा. एकच पेशी, आकार बहुधा मोहरीहून लहान आणि अंगावर चुन्याचं कवच. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या डॉ. राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी कारवारजवळच्या समुद्रतळाच्या गाळातली ही कवचं तपासली आणि भारतातल्या दुष्काळांचं सुमारे 77 वर्षांचं चक्र त्यांत दिसतं, असं 1995 साली मांडलं. 1972चा दुष्काळ सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला ही कवचं परकी वाटायला नकोत.

फोरामिनिफेरांच्या काही जाती शेवाळ पाळतात. ग्लोबिजेरिनॉयडिस सॅक्युलिफर ही त्यांतलीच एक, उष्ण समुद्रात तरंगणारी. तिच्या कवचावर लांब, नाजूक काटे असतात. उजाडलं की शेवाळाच्या बारीक पेशी त्या काट्यांवर पसरतात, उन्हात अन्न तयार करतात. अंधार पडला की कवचाशी परत येतात. शेळ्या सकाळी रानात सोडाव्यात आणि दिवेलागणीला वाड्यात घ्याव्यात, अगदी तसं.

हे शेवाळच काढून घेतलं तर? ॲलन बे, हॉवर्ड स्पेरो आणि रॉजर अँडरसन यांनी 1982 साली हे करून पाहिलं. उन्हातून अन्न करण्याची क्रिया थांबवणारं रसायन देऊन त्यांनी शेवाळ नाहीसं केलं. मग त्या जीवाची वाढ खुंटली, कवच लहान राहिलं. वेळेआधीच त्यानं प्रजननपेशी सोडल्या, आणि त्या सोडल्या की त्याचं आयुष्यच संपतं. मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो प्रयोगाचा पुढचा भाग. अशा काही जीवांना दुसऱ्याकडचं शेवाळ पुन्हा दिलं, तेव्हा त्यांची वाढ परत सुरू झाली.

हे नुसतं प्रयोगशाळेपुरतं नाही. 1991च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या प्रवाळांजवळ ॲम्फिस्टेजिना नावाचे फोरामिनिफेरा शेवाळ गमावून पांढरे पडलेले आढळले.

शेवाळाच्या कामाचा ठसा कवचातल्या कार्बनवरही उमटतो. म्हणून जुन्या समुद्राचा हिशेब या कवचांवरून मांडताना त्या जीवाजवळ शेवाळ होतं का, हे आधी पाहावं लागतं.

कधी गोव्याला किंवा कोकणात गेलात, तर ओहोटीनंतरची चिमूटभर वाळू घरी आणा. सुकवून काळ्या कागदावर पसरा, मुलांच्या हातात भिंग द्या आणि शंखासारखी वळणं असलेले पांढरे कण, म्हणजे हीच कवचं, त्यांना शोधायला सांगा.