चिठ्ठ्यांचे भांडे

अफूच्या व्यसनाने ग्रस्त माणसाला मेथाडोनसारखे औषध देता येते. परंतु कोकेन वा मेथॅम्फेटामाइन या उत्तेजक द्रव्यांच्या पाशात जो सापडला, त्याच्यासाठी अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने मंजूर केलेले एकही औषध नाही, आणि म्हणूनच तेथील बाह्यरुग्ण विभागांत जो उपचार विशेष फलदायी ठरला, तो बक्षिसांच्या कपाटातून निघतो, हे ऐकून आपणांस किंचित हसू येईल.

रुग्णाने घरी राहावे, कामधंदा सांभाळावा आणि साधारणतः आठवड्यातून दोनदा येऊन लघवीचा नमुना द्यावा, एवढाच दंडक. व्हर्माँटच्या स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या सुमारास निर्दोष नमुन्याबद्दल वस्तू घेता येतील अशी कुपने देण्यास आरंभ केला. पुढे कनेक्टिकटच्या नॅन्सी पेट्री यांनी खर्चास आळा घालण्यासाठी एक भांडे आणून त्यात ५०० चिठ्ठ्या टाकल्या. रुग्ण हात घालून चिठ्ठी उलगडतो, तेव्हा निम्म्यांवर नुसती 'शाबास' असते, उरलेल्या बहुतेकांवर डॉलरभराची किरकोळ वस्तू, थोड्यांवर २० डॉलरांची आणि एकीवर मात्र १०० डॉलरांची. नमुने सलग निर्दोष निघाले की चिठ्ठ्या वाढतात. एखादा सदोष निघाला, तर ना जबाबतलबी, ना हकालपट्टी, हिशेब फक्त पुन्हा एका चिठ्ठीपासून सुरू होतो.

ही लाच नव्हे काय, असा आक्षेप निघतोच. पण अमली द्रव्य आपले सुख रोखीने देते आणि संयम ते उधारीने देतो, हे ध्यानी घेतले म्हणजे मला तरी तो आक्षेप लंगडा वाटतो. २०११ पासून निवृत्त सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतही हे भांडे आले, आणि तेथे बक्षीस म्हणून मिळणारे कुपन त्याच आवारातल्या उपाहारगृहात वटवता येते.