टाकीचा स्टँड आणि स्टेनलेस स्टील

वेरूळच्या आपल्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचा गंजलेला लोखंडी स्टँड काढून स्टेनलेसचा करायचं घाटतंय. कंत्राटदार म्हणतो, मापं तीच ठेवू, फक्त धातू बदलू. माझा आक्षेप तिथेच आहे.

मी बँकेतला माणूस, म्हणून कर्जदाराच्या भाषेत सांगतो. साधं पोलाद नियमित हप्ते भरतं आणि एक दिवस अचानक मान टाकतं. स्टेनलेस सुरुवातीपासूनच थोडंथोडं मागे पडत जातं, पण पळून जात नाही. तुटण्याआधी पुष्कळ लांबतं. त्याला ठळक ‘यील्ड पॉइंट’ नसतो. म्हणून मीटरभर पट्टीत 2 मिलिमीटर वाढ कायमची राहील, तो ताण त्याची ताकद धरतात. 304 जातीला तो किमान 205 मेगापास्कल, आपल्या नेहमीच्या पोलादाला 250. शिवाय त्या ताणाला पट्टी सरळ रेषेच्या हिशेबापेक्षा जवळजवळ तिप्पट लांबते! ही वक्ररेषा रॅमबर्ग आणि ऑसगुड यांनी 1943 मध्ये सूत्रात बसवली. (कैलास लेणं कोरणाऱ्यांना ही कटकट नव्हती, कातळ लांबत नाही, तडकतो.)

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि खाली मुलं खेळतात. तेव्हा ठराव मंजूर करण्याआधी इंजिनिअरकडून या सूत्राने केलेला हिशेब लेखी मागवावा, ही विनंती.