जिथे विचार थांबतो, तिथे सिमेंट ओतलं जातं



कमी कार्बनच्या घरांचा आणि वस्त्यांचा विचार करण्यासाठी कलावंत आणि अभियंते एका मांडवात बसले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझं आयुष्य तुळया आणि स्लॅब मोजण्यात गेलं. अशा माणसाला आपण या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची बापू कुटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. घर बांधायचं ते आसपासच्या सामानाने आणि आसपासच्या कारागिरांच्या हातांनी, ही त्यांची अट होती. त्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावाची झाडं काढली आहेत. जी माती भिंतीत आहे, तीच चित्रात आहे. भिंत कुठे संपली आणि चित्र कुठे सुरू झालं, हे नखाने उकरून पाहिलं तरी सांगता येणार नाही. आज मला जे म्हणायचं आहे, ते सगळं त्या भिंतीत आहे.

आता सिमेंटकडे वळू. चंद्रपूरच्या पट्ट्यातली चुनखडी चिकणमातीबरोबर भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मुख्य घटक, तयार होतो. शुद्ध चुनखडीचे १०० किलो भाजले तर त्यातले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. भट्टीतल्या कोळशाचा धूर याहून वेगळा. हा वायू दगडाच्या पोटातलाच आहे, म्हणून भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो सुटणारच. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटमुळे जातो, आणि चीनच्या खालोखाल सिमेंट बनवणारा देश आपला आहे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड मिसळून क्लिंकरचं प्रमाण निम्म्यावर आणणारं सिमेंट तयार झालं आहे; त्याच्या संशोधनात आपल्या दिल्ली आणि मद्रास इथल्या आयआयटी आहेत. ते वापरात यायलाच हवं. पण बांधकाम करणाऱ्या माणसाने त्याआधी स्वतःला विचारायला हवं, की मी हे सिमेंट ओततोय ते नक्की कशासाठी?

तरुणपणी हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. वास्तुविशारदाचा नकाशा यायचा, काम घाईचं असायचं. विचाराला वेळ नसला की मी तुळईची खोली वाढवायचो, दोन सळ्या जास्त टाकायचो. पलीकडे वास्तुविशारद आधी रूप ठरवायचा. ते उभं कसं राहील, हे माझ्यावर सोडायचा. आम्हा दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी राहायची, ती काँक्रीटने भरायची. म्हणून मी अनुभवाने सांगतो, कला आणि अभियांत्रिकी यांच्या फारकतीची किंमत टनांत मोजता येते. जिथे विचार थांबतो, तिथे सिमेंट ओतलं जातं.

ही फारकत मिटवता येते, हे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी दाखवून दिलं. चीनमधून मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत थांबले होते; तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानाने बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे जन्मभर, आधी हिमालयात आणि मग केरळात, अमलात आणला. त्यांचा फिलर स्लॅब घ्या. स्लॅब वाकतो तेव्हा वरच्या थरावर दाब येतो आणि खालच्या थरावर ताण. काँक्रीटला ताण सोसत नाही, तो सळई घेते. म्हणजे सळयांच्या मधलं खालचं काँक्रीट नुसतं वजन म्हणून लटकत असतं. बेकरनी तिथे मंगलोरी कौलं बसवली. काँक्रीट वाचलं, वजन घटलं, आणि खाली झोपून वर पाहणाऱ्याला कौलांची नक्षी मिळाली. ही नक्षी कुणी वेगळी काढलेली नाही. काँक्रीट कुठे काम करत नाही, हे ज्याला कळलं त्याच्या हातून ती उमटली.

त्यांची रॅट-ट्रॅप भिंतही तशीच. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या, म्हणजे भिंतीच्या आत पोकळी राहते. सुमारे पाव विटा वाचतात आणि ती पोकळी ऊन अडवते. पण अशा भिंतीला गिलावा करायचा नाही, तर दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, अगदी सरळ हव्यात. गवंड्याचा हात सुबक नसेल तर हे गणित कोसळतं. सुबकपणा इथे मालकाच्या हौसेखातर नाही. त्याच्या जिवावर तो सिमेंटचा गिलावा टळतो.

मित्रहो, माती आणि दगडाचं कौतुक करताना मराठवाड्याला विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपाने हजारो माणसं स्वतःच्या घराखाली गाडली गेली. अडीच-तीन फूट जाडीच्या त्या भिंती मजबूत दिसत होत्या. पण आत दोन पडद्यांसारखे दगडांचे दोन थर, मध्ये मातीची आणि गोट्यांची भर, आणि डोक्यावर माळवदाची जड माती. भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही थर बांधून ठेवणारा दगडच नव्हता. जमीन हलली तसे थर सुटले. भारतीय मानक १३८२८ सांगतं, की असा आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला हवा, आणि भिंतीला सभोवार पट्टा हवा. हे मानकही १९९३चंच. परंपरेत अभियांत्रिकी उरली नाही, तर परंपरा जीव घेते. स्थानिक सामानाचा आग्रह धरणाऱ्या आपण सगळ्यांनी ही जबाबदारी डोक्यावर घेऊनच काम केलं पाहिजे.

त्या भूकंपानंतर जे घडलं, त्याचाही धडा आहे. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. मदत मोठी होती, हेतू चांगला होता. पण बहुतेक ठिकाणी काटकोनी रस्ते आणि एकासारखं एक घर अशी आखणी झाली. जुन्या गावात गल्लीचं वळण, वाड्याची ओसरी, पाराची सावली यांचा एक मेळ होता. तो नकाशात आला नाही, कारण त्याचा हिशेब ठेवणारं कुणी टेबलाशी नव्हतं.

तो हिशेब कसा ठेवतात, हे नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये दिसतं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सात-सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती मांडली. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरं आणि बारा मीटरचं मोठं अंगण. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपलं घर वाढवता येईल. आज तिथली बरीच मूळ घरं पाडून लोकांनी काँक्रीटची मोठी घरं बांधली आहेत. तरी अंगणं उरली आहेत. घरं बदलली, माणसांमधलं अंतर तसंच राहिलं. वस्ती आखणाऱ्याला याहून मोठं यश कोणतं हवं? आणि तरीही माझ्या मनाला एक बोच आहे: ती घरं पाडण्याऐवजी वाढवावीशी का वाटली नाहीत? पाडलेल्या प्रत्येक भिंतीचा कार्बन दुसऱ्यांदा खर्ची पडतो.

याचं उत्तर शोधताना मला वारली घर आठवतं. काठ्यांच्या कुडावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि लग्नात तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक, म्हणजे लग्नाचं चित्र. चौक लिहायचा म्हणून भिंत लिंपायची, आणि लिंपली जाते म्हणून ती टिकते. तिथे देखभालीलाच कलेचं रूप मिळालं आहे. हे श्रम पिढ्यान् पिढ्या बायकांनी विनामोल केले. पुढे त्यांची मजुरी धरूनच हिशेब मांडावा लागेल. पण तत्त्व लखलखीत आहे. जी भिंत आपल्याला आवडते, तिची आपण डागडुजी करतो; जी आवडत नाही, ती पाडतो. म्हणून सौंदर्य ही कमी कार्बनच्या गणितातली एक राशी आहे, आणि तुम्ही कलावंत त्या राशीचे जाणकार आहात.

म्हणून या परिषदेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत फिलर स्लॅब, चुन्याचं काम, मातीच्या दाबलेल्या विटा, जांभ्याचं बिनगिलाव्याचं बांधकाम यांना मानाची जागा मिळावी, यासाठी आपण चिकाटीने पाठपुरावा करू. सूचीत नसलेलं काम निविदेत येत नाही, आणि निविदेत नसलेलं हात विसरून जातात. दुसरी, कलाशाळेच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक पूर्ण हंगाम एकाच साइटवर, एकाच गवंड्याच्या हाताखाली काढावा. विद्यार्थ्याने थापी धरावी, ओळंबा सोडावा, स्वतः उभारलेली भिंत वाकडी गेली तर स्वतः उतरवावी. तिसरी, इमारतीच्या नकाशावर पहिली रेघ ओढली जाईल, तेव्हा वास्तुविशारद आणि अभियंता एकाच टेबलाशी असावेत. सही करायला शेवटी बोलावलेला अभियंता सळ्याच वाढवतो. हे मी स्वतः केलेलं आहे.

आणि एक विनंती. आज या सभागृहात गवंडी आणि पाथरवट समोर बसले आहेत, व्यासपीठावर त्यांच्यापैकी एकही नाही. दर्जा सरळ येणार की नाही, हे ज्यांच्या हातावर ठरतं, त्यांना ऐकल्याशिवाय आपली चर्चा पुरी होणार नाही. पुढच्या परिषदेत या खुर्चीवर एखादा गवंडी बसावा, असा ठराव मी अध्यक्ष म्हणून मांडतो. तो भाषण करेल तेव्हा मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसेन.