चाळिशी कानांनाही लागते



'निवृत्तीनंतर शरीरात होणारे बदल' या विषयावर बोल, असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, अगं, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि निवृत्तीही अजून लांब आहे. पण बाबांच्या कानांविषयी मला थोडं कळलंय. उशिरा कळलंय, म्हणून सांगते.

बाबा पोस्टातून निवृत्त झाले. आयुष्यभर काउंटरवर बसून माणसांशी बोललेला माणूस. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते सकाळच्या कट्ट्यावर जाईनासे झाले. फोन केला की "आईला देतो" म्हणून बाजूला होत. मला वाटलं, स्वभाव बदलला, माझ्यावर काहीतरी राग आहे. एकदा मी फोनवर सांगितलं, "सातच्या गाडीने येते, स्टँडवर या." बाबा आठला आले. तासभर बॅग घेऊन उभी होते. चारचौघांत बोलले त्यांना, "लक्ष कुठे असतं तुमचं?" ते काहीच बोलले नाहीत. बॅग उचलली आणि चालू लागले.

'सात' मधला 'स' काढून बघा. जे उरतं ते 'आठ'च्या किती जवळ आहे!

आपल्या कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यातल्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात. वयानुसार त्या झिजतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. आधी झिजतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दमदार, ते ऐकू येत राहतात. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि मुळातच नाजूक, ती गळतात. म्हणून ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं फारशी नाहीत. वर आपला चेहरा चिडका दिसतो तो वेगळाच.

त्यात साधा टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो. 'स'चा बराचसा भाग त्याच्या वर असतो. इंजिनिअरिंगला हा आकडा पेपरात लिहून मी मार्क मिळवले होते. दर रविवारी बाबांना फोन करताना मात्र तो एकदाही आठवला नाही.

शेवटी बाबांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी मळ नाही ना ते पाहिलं, मग श्रवणचाचणी झाली आणि कानयंत्र आलं. आठवडाभरात ते कपाटात गेलं. "पंखा घरघरतो, भांडी डोक्यात आपटतात," बाबा म्हणाले. आमची चूक अशी की आम्ही त्याला चष्म्यासारखं समजलो. चष्मा लावला की दिसतं. कानयंत्राची मेंदूला सवय व्हायला आठवडे लागतात. मग रोज घरातच दोन तास, पुढे चार तास असं वाढवलं. दोनदा जाऊन यंत्र पुन्हा जुळवून घेतलं. आता बाबा कट्ट्यावर जातात. सगळं ऐकू येतं असं नाही. गर्दीत अजूनही चुकतं. पण "काय म्हणालास?" असं विचारायची लाज गेली.

हे नुसतं सोयीपुरतं नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले, त्यात ऐकू कमी येणं हे एक आहे. माणूस बोलण्यातून बाजूला पडला की बरंच काही बाजूला पडतं.

आपल्यातल्या निम्म्या जणांच्या पर्समध्ये आणि खिशात आज चष्मा आहे. त्याला आपण प्रेमाने 'चाळिशी' म्हणतो. कानांच्या चाळिशीला मात्र आपल्याकडे एकच शब्द आहे, 'बहिरा', आणि तो हसूनच म्हणतात. म्हणून माणसं लपवतात. मीही पुढच्या महिन्यात स्वतःची चाचणी करून घेणार आहे.

तोवर एवढं करूया. बोलताना समोर या, तोंडावर उजेड असू द्या. टीव्ही बंद करा. सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य ओरडून न सांगता शब्द बदलून सांगा. "जाऊ दे, काही नाही" असं कधीच म्हणू नका. बाबा म्हणतात, तेच सगळ्यात जास्त लागतं. आणि लांबून बोलायचं तर व्हिडिओ कॉल करा, ओठ दिसतात.

सकाळी बाईंनी आपली हजेरी घेतली. मी मागच्या बाकावरून "हजर" म्हटलं आणि बाईंनी मला गैरहजर लावलं. "मागच्या बाकांचं ऐकू येत नाही गं आता," असं बाई स्वतःच म्हणाल्या आणि आपण सगळे हसलो.

बाई, मी हजर होते. जेवताना तुमच्या समोरची खुर्ची माझी.