पिल्लू बूड का घासतं?

करूळ घाटाच्या पायथ्याशी, वैभववाडीकडच्या वाड्यांमध्ये राखणीच्या कुत्र्याच्या वाट्याला बहुधा माशाच्या कालवणाचा उरलेला भात येतो. वाढत्या पिल्लाला तिखट, कांदा आणि काटे झेपत नाहीत. कांदा तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो.

अशा खाण्याने मग शी पातळ होते.

पिल्लू खळ्यात बूड घासत सरकू लागलं की जंत झाले, असं धरलं जातं. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी, दोन ग्रंथी असतात. घट्ट शी बाहेर पडताना त्या दाबल्या जाऊन रिकाम्या होतात. पातळ शीने तो दाब मिळत नाही आणि उग्र वासाचा स्राव आत साठतो. सूज, रक्त किंवा पू दिसला तर घरी पिळण्याच्या फंदात न पडता जनावरांचा दवाखाना गाठावा.

पोट बिघडलं की मऊ भात, उकडलेली बिनहाडाची कोंबडी आणि चमचाभर शिजवलेला लाल भोपळा मानवतो. आहार आठवडाभरात हळूहळू बदलावा. जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने नव्हे.

उलट्या आणि रक्ताची हगवण एकदम सुरू झाली, तर पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. लस न टोचलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावतं.