पाऊस, शिधा आणि सेनापती



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. लष्करी शास्त्राशी आमची ओळख पुस्तकांतूनच झाली. पण कोणतीही योजना समोर आली की तिचा भार कोणाच्या पाठीवर पडणार, हे आधी पाहण्याची आम्हांला सवय आहे. हवामान आणि लढाई ह्या विषयाकडे आज त्याच नजरेने पाहू.

१९४४ सालची इम्फाळची मोहीम घ्या. जनरल मुतागुची ह्यांच्या जपानी सैन्याने मार्च महिन्यात चिंदविन नदी ओलांडली. बरोबर शिधा होता सुमारे तीन आठवड्यांचा. पावसाळ्यापूर्वी इम्फाळ पडेल आणि ब्रिटिशांची कोठारे हाती लागतील, असा हिशेब होता. त्या डोंगरांत मे महिन्यात पाऊस धरतो, हे त्यांस ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. पण इम्फाळ वेळेवर पडले नाही तर शिपायाने खावे काय, ह्याची तजवीजच नव्हती.

आणि वेळ तर लागलाच. सांगशाक येथे हिंदी छत्रीसैनिकांनी आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीने शत्रूचे मोलाचे दिवस खाल्ले. कोहिमाला आणखी आठवडे गेले. मग पाऊस आला. वाटांचा चिखल झाला, ओढे फुगले, मागून दाणा येईना. कोहिमाकडचे जनरल सातो शिध्यासाठी वरचेवर निरोप धाडीत होते. अखेर त्यांनी हुकमाविना माघार घेतली, तेव्हा त्यांनाच पदावरून काढले. जुलैमध्ये मोहीम सोडावी लागली. परतीच्या वाटेवर भूक, हगवण आणि हिवताप ह्यांनी हजारो माणसे नेली. आझाद हिंद सेनेचे आपले जवानही त्याच वाटेने परतले.

समोर जनरल स्लिम होते. पाऊस त्यांच्या सैन्यावरही तेवढाच पडला. पण इम्फाळ आणि पालेल येथील धावपट्ट्या पावसातही चालतील अशा होत्या. रस्ता तुटला तरी विमानांनी धान्य आणले, जखमी नेले. हिवतापाची गोळी शिपाई रोज घेतो की नाही, ह्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकलेली होती. २२ जूनला कोहिमा–इम्फाळ रस्ता खुला झाला.

पावसाची तारीख दोन्ही छावण्यांत माहीत होती. एकीकडे तिचा शिधा, धावपट्टी आणि गोळी ह्यांच्याशी मेळ घातला गेला. दुसरीकडे चिखलातून आलेला ‘दाणा संपला’ हा निरोप वर कोणी ऐकला नाही, आणि त्याची किंमत हुकूम देणाऱ्याने नव्हे, शिपायाने मोजली.