जीवसृष्टीची वंशकथा

(मठाच्या वर्धापनोत्सवात बोरगाव येथे झालेले व्याख्यान)



बोरगाव-सौसरची काळी माती कपाशी आणि संत्री पिकविते. परंतु ज्या खडकापासून ही माती झाली, त्याने आणखी एक ठेव जतन करून ठेविली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात तेथे तळी साचत, त्यांच्या काठी वनस्पती वाढत आणि पुढील थराखाली गाडल्या जात. सिलिकायुक्त पाणी त्यांच्या पेशीपेशींत झिरपले आणि पान, फूल, फळ जागच्या जागी दगड झाले.

1943 साली बिरबल सहानी व राव यांनी सौसर परिसरातील अशा वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत अ‍ॅझोला हे पाण्यावर तरंगणारे नेचे होते. त्याचे आजचे भाऊबंद भातखाचरात खत म्हणून वाढविले जातात. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथे निपा नावाच्या ताडाचे फळ मिळाले. हा ताड आज सुंदरबनासारख्या खाऱ्या चिखलात वाढतो. जेथून समुद्र शेकडो मैल दूर आहे, तेथे त्याचे फळ दगडात सापडावे, हे भूमी आणि हवापाणी किती पालटले याचे गमक होय. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण आढळल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले. ते महाकाय प्राणी लुप्त झाले. गवताचा वंश मात्र फोफावला. ज्वारी, गहू आणि तांदूळ त्याच कुळातील होत.

हे परिवर्तन घडते कसे? याचे उत्तर चार्ल्स डार्विन यांनी 1859 साली ग्रंथरूपाने मांडले आणि त्याचा प्रत्यय शेतातही येतो. 2002 साली बीटी कपाशीस देशात परवानगी मिळाली. 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने तीच कपाशी पोखरली. अळीने विष पचविण्याची विद्या शिकून घेतली नव्हती. असंख्य अळ्यांमध्ये विष न बाधणाऱ्या थोड्या जन्मतःच होत्या. इतर मेल्या, त्या उरल्या आणि त्यांच्या संततीने शेत भरले. आनुवंशिक भेद, निवड आणि पिढ्यांचा क्रम, एवढेच याचे सूत्र. शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम याच सूत्रावर बेतला होता: तेथे वाढलेल्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावावा. तत्त्व न उमगल्याने पुष्कळांनी त्या ओळी म्हणजे वाया गेलेली जमीन मानिली.

पृथ्वीवर जीवनाचा आरंभ निदान साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्या दीर्घ वंशवृक्षाची मनुष्य ही एक कोवळी फांदी आहे. तो आजच्या माकडापासून जन्मला असे शास्त्र म्हणत नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच म्हणते. दशावतारांतील मत्स्य, कूर्म, वराह या क्रमात पुष्कळांना हीच कथा दिसते. त्या कथेचा भावार्थ भक्तीचा आहे. शास्त्राचा आधार खडकातील पुराव्याचा आहे. एकाने दुसऱ्याची साक्ष काढण्याचे कारण नाही आणि एकाने दुसऱ्यास भिण्याचेही नाही. सर्व प्राणिमात्र एका कुळातील आहेत हे कळल्याने मनुष्याची प्रतिष्ठा उणावत नाही. त्याची जबाबदारी मात्र वाढते.

2023 साली दहावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. परंतु दहावीनंतर नांगर धरणाऱ्या मुलाने तो कोठे वाचावा? बोंडअळीशी झुंज त्यालाच द्यावयाची आहे आणि सौसरचा दगड त्याच्याच फाळाला लागावयाचा आहे. मठांनी पूर्वी पोथ्या जपल्या. या भूमीने जपलेली पोथी त्या मुलास वाचता यावी, एवढी सोय मठाच्या ओसरीवरही होऊ शकते.